शक्ती (वाद्यवृंद)

शक्ती हा भारतीय अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या संयोगातून घडलेला वाद्यवृंद होय. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक टी. एच. विनायकराम हे त्याचे मूळ चार प्रमुख कलावंत. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेत या वृंदाची जुळवाजुळव झाली. १९७८ मध्ये तो विसर्जित झाला. १९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने आणि २०२० पासून पुन्हा ‘शक्ती’ या मूळ नावाने तो रसिकांसमोर आला. ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेस ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि या वाटचालीतील एक मोठा कालखंड संपला.

विजेवरील वाद्ये आणि मोठा आवाज ही १९७० च्या दशकातील जॅझ फ्यूजनची ओळख होती. शक्तीने नेमकी उलट वाट धरली. कलावंत मंचावर बैठक मारून बसत. मूळ वृंदात ड्रम, बेस गिटार वा कळफलकाची वाद्ये नव्हती. पाश्चात्त्य आणि भारतीय संगीताचा मेळ घालताना या वृंदाने हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन भारतीय पद्धतींनाही एका मंचावर समान स्थान दिले. त्याच्या कार्याचा विचार करताना ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेले संगीत. ठरलेली धून आधी वाजवायची, मग तिच्या आधाराने प्रत्येक वादकाने उत्स्फूर्त विस्तार करायचा आणि शेवटी धुनेवर परत यायचे, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. बंदिशीचा मुखडा, रागाची बढत आणि समेवर येणे यांची सवय असलेल्या भारतीय श्रोत्यास ही रीत फारशी परकी वाटत नाही. मोठा फरक आहे तो स्वरसंवादाचा. जॅझमधील विस्तार बदलत्या स्वरसमूहांच्या, म्हणजे कॉर्डच्या, पायावर उभा असतो. रागसंगीत एका स्थिर षड्जावर उभे असते.

मुंबईला जॅझचा परिचय १९३० च्या दशकातच झाला. ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांसारखे अमेरिकन वादक वाजवून गेले. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे शहरातील नृत्यगृहे आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतील एक. १९६० च्या दशकात उलट दिशेचा प्रवासही सुरू झाला. लंडनमध्ये जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर यांनी ‘इंडो-जॅझ’ या नावाखाली ध्वनिमुद्रिका केल्या. १९६८ मध्ये झाकीर हुसेन यांचे वडील उस्ताद अल्लारखा यांनी अमेरिकन ड्रमवादक बडी रिच यांच्यासह ‘रिच आ ला रखा’ ही ध्वनिमुद्रिका काढली. या प्रयोगांत बहुधा दोन पक्ष समोरासमोर बसत आणि आपापले संगीत आळीपाळीने वाजवत. नियमितपणे एकत्र राहणारा, एकमेकांचे नियम शिकून रचना करणारा वृंद मात्र त्यांतून उभा राहिला नव्हता.

स्थापना

जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा जन्म ४ जानेवारी १९४२ रोजी इंग्लंडमधील डॉनकास्टर येथे झाला. १९६९ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘इन अ सायलेंट वे’ व ‘बिचेस ब्रू’ या जॅझ फ्यूजनचा पाया घालणाऱ्या ध्वनिमुद्रिकांत वाजवले. १९७१ मध्ये त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. ‘महाविष्णू’ हे नाव त्यांना त्यांचे आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. विजेची गिटार, अतिद्रुत लय आणि प्रचंड आवाज यांमुळे हा वृंद तरुणांत अतिशय लोकप्रिय झाला.

याच काळात मॅक्लॉफ्लिन अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा आणि कर्नाटक संगीताचे पाठ घेत होते. एल. शंकर तेथेच संगीतविषयक संशोधन करीत होते. १९५० मध्ये मद्रास येथे जन्मलेल्या शंकर यांचे बालपण श्रीलंकेतील जाफना येथे गेले. त्यांचे वडील व्ही. लक्ष्मीनारायण हे व्हायोलिनचे नामवंत शिक्षक होते, एल. वैद्यनाथन व एल. सुब्रमण्यम हे त्यांचे थोरले बंधू. वेस्लियन येथेच मृदंगम शिकवणारे रामनाड राघवन हेही आरंभीच्या काळात वृंदात सामील होते.

झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला. माहीमचे सेंट मायकेल विद्यालय आणि नंतर सेंट झेवियर महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पंजाब घराण्याच्या तबल्याची तालीम त्यांना वडिलांकडून मिळाली. १९७० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातील अली अकबर संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. चौथे कलावंत टी. एच. विनायकराम, अर्थात ‘विक्कू’, यांचा जन्म १९४२ मधला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या १९६६ मधील संयुक्त राष्ट्रसंघातील मैफलीत घटमची साथ त्यांनीच केली होती. वृंद तयार झाला तेव्हा मॅक्लॉफ्लिन आणि विनायकराम तिशी ओलांडलेले, तर शंकर आणि झाकीर पंचविशीच्या आतले होते.

पहिला कालखंड (१९७५-१९७८)

वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथहॅम्प्टन महाविद्यालयाच्या मैफलीत मुद्रित झाली आणि १९७६ मध्ये कोलंबिया कंपनीने ती प्रकाशित केली. तिचे नाव ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’ असे होते. विक्रीच्या दृष्टीने परिचित असलेले एकच नाव मुखपृष्ठावर यावे, हे त्या काळच्या बाजारपेठेस धरूनच होते. तीत तीनच रचना आहेत. ‘जॉय’ ही सुमारे १८ मिनिटांची द्रुत रचना, ‘लोटस फीट’ ही पाच मिनिटांहून लहान संथ धून, आणि सुमारे २९ मिनिटे चालणारी तिसरी रचना. ‘लोटस फीट’ पुढे या वृंदाची ओळख बनली. ‘रिमेंबर शक्ती’च्या काळातही ती वाजवली जात असे.

१९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवात वृंदाचे वादन झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ मुद्रित झाली. तीत राघवन नव्हते. चौघांचा आटोपशीर वृंद कायम झाला होता. तिच्या पहिल्याच रचनेचा, ‘ला दान्स द्यु बोनर’ हिचा, आरंभ वाद्यांनी होत नाही. कलावंत तोंडाने तालाचे बोल म्हणतात आणि मग वाद्ये येतात. १९७७ मध्ये ‘नॅचरल एलिमेंट्स’ प्रकाशित झाली. तीत रचना छोट्या आहेत आणि पाश्चात्त्य श्रोत्यास परिचित वाटेल अशा चालींकडे कल दिसतो. या काळातील बहुतेक रचना मॅक्लॉफ्लिन आणि शंकर यांनी एकत्रितपणे बांधल्या.

महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या चाहत्यांना हा बदल पचनी पडला नाही. विजेच्या गिटारीसाठी आलेल्या श्रोत्यांसमोर गालिच्यावर बसून लाकडी गिटार, मडके आणि तबला वाजवणारे कलावंत येत. ध्वनिमुद्रिकांची विक्री आधीच्या वृंदाच्या तुलनेत बरीच कमी झाली. १९७८ मध्ये मॅक्लॉफ्लिन विजेच्या गिटारीकडे वळले आणि वृंद विसर्जित झाला. एल. शंकर हे मात्र १९७९ च्या ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’ या ध्वनिमुद्रिकेतही त्यांच्यासोबत होते.

वाद्ये आणि वादनपद्धती

गिटार: रागसंगीतात गिटार वाजवण्यातील मुख्य अडचण तिचे पडदे ही होय. पडदे स्वर ठरावीक जागी बांधून ठेवतात. मींड आणि गमक यांना दोन स्वरांमधली जागा लागते. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीसाठी काम करणारे कारागीर एब्राहम वेक्टर यांनी मॅक्लॉफ्लिन यांच्याकरिता खास गिटार घडवली. तिच्या पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केले होते. त्यामुळे तार दाबून वा ओढून स्वर चढवता येई. सतारीच्या पडद्यावर तार खेचून मींड काढतात, त्याच्याशी ही रीत मिळतीजुळती आहे. मुख्य तारांखाली, गिटारीच्या ध्वनिछिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या सात जादा तारा बसवल्या होत्या. तरफांप्रमाणे त्या रागानुसार जुळवता येत आणि छेडल्या की आधारस्वरांचा भरणा होई.

षड्ज: तबल्याचा दायाँ एका विशिष्ट स्वरात मिळवलेला असतो. जॅझमध्ये रचनेच्या मध्येच आधारस्वर बदलण्याची मुभा असते. तसे केल्यास तबला बेसूर ठरतो. घटम तर भाजलेल्या मातीचे असल्यामुळे त्याचा स्वर मुळातच पक्का असतो. त्यामुळे शक्तीच्या रचना बव्हंशी एका षड्जावर स्थिर राहतात, आणि गिटारीवरील स्वरसमूह बेताने, रागाच्या स्वरांना धक्का न लावता येतात. जॅझचा वाटा येथे दिसतो तो धुनेची बांधणी, एकाच धुनेचे दोन वाद्यांवर समांतर वादन आणि गिटारीच्या बोलीत.

ताल: हिंदुस्थानी आणि कर्नाटक तालपद्धतींत हिशेबाची जाण समान असली तरी नावे आणि मोजणी भिन्न आहेत. कर्नाटकातील आदिताल आठ मात्रांचा आणि हिंदुस्थानी त्रिताल सोळा मात्रांचा. म्हणून आदितालाच्या दोन आवर्तनांत त्रितालाचे एक आवर्तन बसते. हे सोपे झाले. परंतु ‘रूपक’ हे नाव दोन्हीकडे असूनही हिंदुस्थानी रूपक सात मात्रांचा आहे, तर कर्नाटक रूपकाची घडण तीन किंवा सहाच्या हिशेबाची आहे. हिंदुस्थानी रूपकाशी मात्रासंख्येत जुळतो तो कर्नाटकातील मिश्र चापू. अशा ठिकाणी नावावर न विसंबता मात्रा मोजूनच एकत्र यावे लागते. यासाठी बोलांची मौखिक परंपरा उपयोगी पडली. तबल्याचे बोल आणि कर्नाटकातील कोन्नकोल, म्हणजे तोंडाने तालाक्षरे म्हणण्याची कला, ही वृंदाची समान भाषा बनली. मॅक्लॉफ्लिन यांनी ती स्वतः आत्मसात केली आणि २००७ मध्ये व्ही. सेल्वागणेश यांच्यासह कोन्नकोलचे शिक्षण देणारी ‘द गेटवे टू रिदम’ ही चित्रफीत काढली.

साथ आणि संवाद: परंपरागत मैफलीत तबला वा घटम ही साथीची वाद्ये मानली जातात. कर्नाटक मैफलीत घटमचा क्रम मृदंगमच्याही नंतरचा. शक्तीत मात्र चारही वादक एकाच ओळीत बसत. सवाल-जवाब दोन स्वरवाद्यांत होई, दोन तालवाद्यांत होई, आणि गिटार व तबला यांच्यातही होई. तबला व घटम या उत्तर आणि दक्षिणेच्या वाद्यांचे सलग, बरोबरीचे सहवादन ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. दोन पद्धतींत देवाणघेवाण पूर्वी झालीच नव्हती असे मात्र नाही. मिरजेस वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नाटक संगीतातील सरगमची रीत आपल्या गायकीत आणली होती आणि त्यागराजांची कृतीही मुद्रित केली होती. तो एका गायकाचा स्वीकार होता. शक्तीने तो एका समूहाचा नित्यक्रम केला.

मधला काळ (१९७८-१९९७)

वृंद विसर्जित झाला तरी कलावंतांचे परस्परसंबंध टिकून राहिले. १९८६ मध्ये झाकीर हुसेन यांच्या ‘मेकिंग म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेसाठी मॅक्लॉफ्लिन, बासरीवादक पं. हरिप्रसाद चौरसिया आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक एकत्र आले. ती १९८७ मध्ये प्रकाशित झाली. अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेत झाकीर हुसेन आणि विनायकराम हे दोघेही होते. जागतिक संगीतासाठी ग्रॅमी पुरस्कार प्रथमच दिला गेला तो १९९२ मध्ये याच ध्वनिमुद्रिकेस. एल. शंकर यांनी स्वतःसाठी दहा तारांचे दुहेरी व्हायोलिन तयार करवून घेतले आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातही काम केले.

दरम्यान भारतातील श्रोतृवर्गही बदलत होता. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि परदेशी जॅझ कलावंत येथे नियमितपणे येऊ लागले. शक्तीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका भारतीय वादकांच्या नव्या पिढीने आवडीने ऐकल्या. ज्या प्रयोगास पहिल्या वेळी बाजारपेठेने फारशी साथ दिली नव्हती, त्याला श्रोते हळूहळू मिळत गेले.

रिमेंबर शक्ती

१९९७ मध्ये, भारतीय स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ब्रिटनमधील दौऱ्यासाठी वृंद पुन्हा उभा राहिला. मूळ चौघांपैकी मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन आणि विनायकराम हे तिघे होते. व्हायोलिनची जागा पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बासरीने घेतली. या मैफलींची दोन भागांची ध्वनिमुद्रिका १९९९ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने निघाली. बासरीमुळे आलापाला अधिक जागा मिळाली आणि संगीताची एकंदर लय पूर्वीपेक्षा शांत झाली. मॅक्लॉफ्लिन या कालखंडात विजेची गिटार वाजवू लागले होते, पण तिचा आवाज मृदू ठेवलेला असे.

यानंतर वृंदाची घडण पुन्हा बदलली. उप्पलपु श्रीनिवास आणि व्ही. सेल्वागणेश हे दोन दाक्षिणात्य कलावंत आले. श्रीनिवास यांचा जन्म १९६९ मध्ये आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे झाला. विजेच्या मँडोलिनसारख्या परक्या वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवून त्यांनी बालवयातच नाव मिळवले होते. सेल्वागणेश हे विनायकराम यांचे पुत्र. त्यांचे मुख्य वाद्य कंजिरा, म्हणजे पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवली जाणारी, एकच झांजजोडी असलेली लहान खंजिरी. याशिवाय ते घटम आणि मृदंगमही वाजवत. वडिलांच्या जागी मुलगा आला, ही घटना घराणेपद्धतीत नित्याची; जॅझच्या वृंदात ती विरळा. ‘द बिलिव्हर’ ही २००० मधील ध्वनिमुद्रिका या नव्या चौकडीची आहे.

डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींवरून ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ ही ध्वनिमुद्रिका २००१ मध्ये प्रकाशित झाली. तीत अनेक पाहुणे कलावंत आहेत. संतूरवादक पं. शिवकुमार शर्मा, स्लाइड गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य, तालवादक शिवमणी, पखवाज व ढोलकवादक भवानी शंकर, झाकीर यांचे धाकटे बंधू तौफिक कुरेशी हे त्यांतील काही. शंकर महादेवन यांनी गायलेली त्यागराजांची ‘गिरिराज सुता’ ही बंगाल रागातील गणेशस्तुती या मैफलीचे वैशिष्ट्य ठरली. तोवर या वृंदाच्या संगीतात मानवी आवाज आला तो मुख्यतः तालाच्या बोलांपुरता. आता शब्द आणि गायन आले.

शंकर महादेवन यांचा जन्म १९६७ मध्ये मुंबईतील चेंबूर येथे तमिळ कुटुंबात झाला. कर्नाटक संगीताच्या शिक्षणासोबत त्यांना मराठीतील ज्येष्ठ संगीतकार श्रीनिवास खळे यांचेही मार्गदर्शन लाभले. अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन काही काळ संगणक क्षेत्रात काम केल्यावर ते पूर्णवेळ संगीताकडे वळले. मराठी रसिकांस ते ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटातील पंडित भानुशंकर यांच्या भूमिकेमुळेही परिचित आहेत. दोन्ही भारतीय पद्धती आणि चित्रपटसंगीत यांत सहज वावरणारा हा गायक पुढे वृंदाचा नियमित सदस्य झाला.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी चेन्नई येथे श्रीनिवास यांचे वयाच्या ४५ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या जाण्याने ‘रिमेंबर शक्ती’चा कालखंड संपला.

पुनर्रचना आणि ‘धिस मोमेंट’

२०२० मध्ये ‘शक्ती’ हे मूळ नाव पुन्हा धारण करण्यात आले. मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन आणि सेल्वागणेश यांच्यासोबत व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन आले. ‘गणेश-कुमारेश’ या कर्नाटक संगीतातील प्रसिद्ध बंधूजोडीतील ते एक. त्यांच्या येण्याने मूळ वृंदातील व्हायोलिनची रिकामी जागा भरली गेली.

त्यानंतर लगेच करोनाची साथ पसरली आणि एकत्र येणे अशक्य झाले. सदस्य मोनॅको, कॅलिफोर्निया आणि भारत अशा दूरदूरच्या ठिकाणी होते. प्रत्येकाने आपापला भाग मुद्रित करून इतरांस पाठवायचा आणि त्यावर पुढच्याने आपला भाग रचायचा, या रीतीने नवी ध्वनिमुद्रिका साकारली. समोरासमोरच्या संवादावर उभ्या असलेल्या वृंदाची ही कसोटीच होती. ‘धिस मोमेंट’ ३० जून २०२३ रोजी प्रकाशित झाली. स्टुडिओत घडवलेल्या याआधीच्या ‘नॅचरल एलिमेंट्स’ नंतर ४६ वर्षांनी आलेली ही ध्वनिमुद्रिका होय. मधल्या काळातील ‘रिमेंबर शक्ती’च्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः मैफलींच्या होत्या. तीत आठ रचना आहेत. ‘श्रीनिज् ड्रीम’ ही दिवंगत श्रीनिवास यांच्या स्मरणार्थ आहे. ‘गिरिराज सुता’ नव्या रूपात पुन्हा येते. ‘मोहनम’ हे एका रचनेचे नाव कर्नाटक रागाचे आहे. ज्याचे स्वर हिंदुस्थानी भूप रागाशी जुळतात, तोच हा राग.

जानेवारी २०२३ मध्ये सुवर्णमहोत्सवी दौऱ्यातील मैफली भारतात झाल्या, त्यांत मुंबईचा समावेश होता. नंतर युरोप व अमेरिकेतही दौरे झाले. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजलिस येथील ६६ व्या ग्रॅमी सोहळ्यात ‘धिस मोमेंट’ला सर्वोत्कृष्ट जागतिक संगीत ध्वनिमुद्रिकेचा पुरस्कार मिळाला. झाकीर हुसेन यांना त्या दिवशी एकूण तीन ग्रॅमी मिळाले. उरलेले दोन बासरीवादक राकेश चौरसिया, बँजोवादक बेला फ्लेक आणि बेसवादक एडगर मेयर यांच्यासमवेत केलेल्या कामासाठी होते.

झाकीर हुसेन यांना १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि २०२३ मध्ये पद्मविभूषण प्रदान करण्यात आले होते. फुप्फुसांच्या दीर्घ आजाराने सॅन फ्रान्सिस्को येथे वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वृंदाच्या तिन्ही पर्वांत सहभागी असलेले मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हे दोघेच होते. सुवर्णमहोत्सवी दौऱ्यातील मैफलींची ‘माइंड एक्सप्लोजन’ ही ध्वनिमुद्रिका २०२५ मध्ये, झाकीर यांच्या पश्चात, प्रकाशित झाली.

मूल्यमापन

शक्तीच्या संगीतावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येतात. रागसंगीताच्या आग्रही श्रोत्यास त्यात रागाची सावकाश बढत कमी आणि द्रुत लयीतील कौशल्य अधिक वाटते. आलाप आवरता घेऊन वृंद लवकर तालाकडे वळतो. जॅझच्या श्रोत्यास त्यात बदलत्या स्वरसमूहांची श्रीमंती सापडत नाही. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. एका षड्जावर टिकून राहण्याची अट मान्य केल्यावर जॅझला काही सोडावे लागते, आणि ठरलेल्या धुनेच्या चौकटीत बसताना रागालाही काही सोडावे लागते. शक्तीचे वेगळेपण या त्यागाच्या वाटणीत आहे: तडजोड एकाच पक्षाच्या वाट्याला आली नाही. इंग्लिश गिटारवादकाने वीणेचे पाठ घेतले, वाद्याची घडण बदलली आणि तालाचे बोल तोंडपाठ केले. भारतीय कलावंतांनी साथीची आणि मुख्य कलावंताची उतरंड बाजूला ठेवली.

या वृंदाने दिलेला दुसरा धडा सातत्याविषयीचा आहे. शक्तीची कोणतीही शाळा नाही, लेखी नियम नाहीत. तरीही पन्नास वर्षांत व्हायोलिनच्या जागी बासरी, बासरीच्या जागी मँडोलिन आणि मग पुन्हा व्हायोलिन आले, घटमवादकाचा मुलगा कंजिरा घेऊन बसला, गायनाची भर पडली, आणि तरीही संगीताची ओळख पुसली गेली नाही. पाश्चात्त्य वृंद बहुधा ठरावीक व्यक्तींसोबत सुरू होतो आणि संपतो. भारतीय परंपरा व्यक्ती बदलूनही पुढे जाते. शक्ती या दोहोंच्या मध्ये उभा राहिला. आज भारतात रागसंगीत आणि जॅझ एकत्र आणणारे अनेक वृंद आहेत आणि तबला, घटम व कंजिरा एकाच मंचावर दिसणे श्रोत्यांच्या अंगवळणी पडले आहे. १९७५ मध्ये ते तसे नव्हते.

प्रमुख सदस्य

मूळ वृंद (१९७८ पर्यंत): जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला), टी. एच. विनायकराम (घटम, मृदंगम), आरंभी रामनाड राघवन (मृदंगम).

रिमेंबर शक्ती (१९९७ पासून): जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, आरंभी हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व टी. एच. विनायकराम, नंतर उप्पलपु श्रीनिवास (मँडोलिन), व्ही. सेल्वागणेश (कंजिरा, घटम, मृदंगम), शंकर महादेवन (गायन).

शक्ती (२०२० पासून): जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन (२०२४ पर्यंत), शंकर महादेवन, गणेश राजगोपालन (व्हायोलिन), व्ही. सेल्वागणेश.

निवडक ध्वनिमुद्रिका

शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन (मुद्रण १९७५, प्रकाशन १९७६)
अ हँडफुल ऑफ ब्यूटी (मुद्रण १९७६)
नॅचरल एलिमेंट्स (१९७७)
रिमेंबर शक्ती (१९९९)
द बिलिव्हर (२०००)
सॅटर्डे नाइट इन बॉम्बे (२००१)
धिस मोमेंट (२०२३)
माइंड एक्सप्लोजन (२०२५)